चप्पल ठेवा, किल्ली न्या

बटणताईकडे तुटलेलं बटण घेऊन जावं. ती ते दोन बोटांत धरून दाराच्या उजेडात फिरवते, एक डोळा बारीक करते आणि मागच्या भिंतीवरच्या डब्यांच्या गर्दीतून नेमका एक डबा ओढते. त्यात त्या बटणाचा सख्खा भाऊ निघतो. सख्खा नाही तर निदान चुलत तरी. शर्टाला फरक कळत नाही, आणि शर्ट घालणाऱ्याला तर त्याहून कळत नाही. बटणं, चेनी, इलॅस्टिक, हूक, दोरे असा सगळा किरकोळ पसारा मांडून ती बाजारातल्या एका लांबट इमारतीत, तळमजल्याच्या अगदी शेवटच्या गाळ्यात बसते. गाळा इतका अरुंद, की अंगाने भरलेलं गिऱ्हाईक आत आलं की ताईला पोट आत ओढून उभं राहावं लागतं.

हा गाळा मिळाला तेव्हा ती हरखून गेली होती. भर बाजारातली जागा, आणि इतके दिवस कुणी घेतली नाही, असं कसं, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पडला नाही. पहिल्याच दुपारी ऊन तापलं, वारा फिरला आणि उत्तर आपल्या पायांनी चालत येऊन नाकात शिरलं. गाळ्याच्या भिंतीला भिंत लावून इमारतीचा सामायिक संडास होता.

सामायिक म्हणजे काय, तर सगळे वापरणार आणि कुणीच धुणार नाही. त्याचं दार सदा उघडं असे, कारण लावायचं तर त्याला हात लावावा लागला असता. पुरुषमंडळी बाहेरच छातीभर श्वास भरून घेत, आत जात आणि श्वास संपायच्या आत बाहेर येत. एवढ्या घाईत पाणी कोण टाकणार? बाया तर तिकडे फिरकतच नसत. समोरच्या गाळ्यात पार्लर चालवणारी पोरगी सकाळी घरून निघताना चहासुद्धा अर्धाच प्यायची. दुपारी जेवताना पाण्याचा घोट घ्यायचा तो औषधासारखा, घशाला ओल लागेपुरता. बटणताईही हेच शिकली. संध्याकाळी घरी पोचली की पिशवी एकीकडे, चप्पल एकीकडे आणि ताई थेट आत.

उपाय झाले नाहीत असं नाही. पलीकडचा चष्मेवाला स्वतःला फार हुशार समजतो. त्याने छान अक्षरात पाटी लिहून लावली, ‘कृपया पाणी टाका.’ पाटी थोडे दिवस टिकली, मग कुणीतरी ती काढली आणि दार उघडं राहावं म्हणून तिचीच पाचर दाराखाली ठोकली. मग पाळ्या ठरल्या. आज या गाळ्याने धुवायचं, उद्या त्या. पण ज्याची पाळी, त्याची नेमकी त्याच दिवशी कंबर धरायची किंवा सासुरवाडीला कुणीतरी आजारी पडायचं. एका महिन्यात या इमारतीतल्या लोकांच्या सासुरवाड्यांवर जेवढी संकटं कोसळली, तेवढी एरवी पिढीत कोसळत नाहीत.

शेवटी संकट कोसळलं ते बटणताईवर. लघवीला जळजळ, अंगात ताप, कंबरेत कळा. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, विचारपूस केली आणि चष्म्यावरून बघत सरळ सांगितलं, की पाणी भरपूर प्यायचं आणि लागली की जायचं, तुंबवून ठेवायचं नाही. हे दुखणं पुन्हा पुन्हा आलं तर मूत्रपिंडापर्यंत जाईल. दुकानात सोय नसेल तर दुकान बंद करा.

दुकान बंद करा, हे डॉक्टरीणबाईंनी ‘तिखट बंद करा’ म्हणावं तितक्या सहज म्हटलं. ताई औषध घेऊन घरी आली आणि रात्रभर कूस बदलत राहिली. एकेक डबा तिने आपल्या हाताने लावला होता. ती दुकानात बसायची तेव्हा ती बटणताई होती. घरी ती नुसती ‘अगं’ होती.

आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं, ती बरी होऊन दुकानात आली तर नवीन बातमी. त्याच इमारतीतल्या बूटवाल्याने मालकांकडे शब्द टाकला होता. त्याला खोकी ठेवायला जागा कमी पडत होती. मालकही म्हणाले, की नाहीतरी तो संडास नुसता उकिरडा झालाय, पुढच्या महिन्यात येऊन कुलूप ठोकतो, मग सावकाश फोडून तुला गोदाम करून देतो.

ताईने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मालकांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं एवढंच, की आधी येऊन बघा आणि मग कुलूप लावा. मालक हसले. म्हणाले, येईन, पण सांगून येणार नाही. एक डाग दिसला तरी कुलूप. ताई म्हणाली, चालेल. फोन ठेवल्यावर गंमत म्हणजे तिला फार बरं वाटत होतं.

सुट्टीच्या दिवशी ताई, पार्लरवाली आणि चष्मेवाला असे तिघं आत शिरले. तोंडाला रुमाल, हातात मोजे, बादल्यांवर बादल्या. ॲसिड टाकलं, फेस आला, खराट्याने घासलं, पुन्हा टाकलं. तासाभराने पार्लरवालीने एक हाक मारली तशी दोघंही धावले. ती ओणवी होऊन कोपऱ्यात बोट दाखवत होती. फरशी पांढरी होती. इतकी वर्षं सगळ्यांची समजूत, की ती मुळातच तपकिरी आहे. मग काय, तिघांच्या अंगात वारं शिरलं. संध्याकाळपर्यंत भिंतीवरच्या फरशीत निळी फुलंसुद्धा सापडली. चष्मेवाल्याने कंबर सरळ करत विचारलं, की ताई, अजून खोल घासलं तर खाली काही खजिना लागेल का?

पण धुणं ही एक दिवसाची गोष्ट. राखणं ही रोजची. त्याचं उत्तर ताईच्या कात्रीत होतं.

ताईची कात्री बाजारात नावाजलेली. जो तो ‘एक मिनिट’ म्हणून न्यायचा आणि त्याचं मिनिट दोन-दोन दिवस चालायचं. कंटाळून तिने मागेच नियम केला होता, की कात्री न्यायची तर एक चप्पल इथे ठेवायची. एका चपलेवर माणूस फार लांब जात नाही. कात्री तेव्हापासून वेळेवर घरी येऊ लागली होती.

तोच नियम तिने संडासाला लावला. दाराला एक जुनं कुलूप बसलं. त्याची किल्ली दोऱ्याच्या मोठ्या रिकाम्या रिळाला बांधून ताईच्या गाळ्यात खुंटीला टांगली, आणि तिच्या खाली निळ्या रबरी चपलांचा एक जोड. किल्ली हवी? आपल्या चपला काउंटरखाली ठेवा, निळ्या घाला आणि जा. बाहेरचा चिखल बाहेर राहतो. परत आलात की किल्ली द्या आणि आपल्या चपला घ्या. आणि खरा नियम पुढेच होता. आत पाऊल टाकल्यावर घाण दिसली, तर तिथूनच मागे फिरायचं आणि बोलायचं. तुमच्या आधी जो गेला, त्याने येऊन साफ करायचं. पण तुम्ही काही न बोलता वापरून आलात, तर ती घाण तुमची. मग ‘आधीपासूनच होती’ ही सबब चालणार नाही.

“ज्याने तोंड उघडलं नाही, त्याचं,” ताईने सगळ्या गाळ्यांना एकेक करून सांगितलं.

सुरुवातीला धुसफुस झाली. बूटवाला म्हणाला, की हा संडास आहे की परदेश, आत जायला एवढी कागदपत्रं? पण या नियमात एक जादू होती. माणसाला स्वतःची घाण दिसत नाही, दुसऱ्याची मात्र भिंग लावल्यासारखी दिसते. आता प्रत्येक जण आत गेल्या गेल्या आधीच्याची चूक शोधायचा आणि बाहेर येताना आपली कुणाला सापडू नये म्हणून ब्रश फिरवायचा. चष्मेवाल्याला लागोपाठ तीनदा परत पाठवलं गेलं. चौथ्यांदा तो स्वतःच आत जाऊन पुन्हा बघून आला. एकदा त्याने गुपचूप दुसरी किल्ली करून घेतली आणि चपला न ठेवता जाऊ लागला. ते कळलं तेव्हा एवढी ओरड झाली, की सगळ्यांच्या देखत ती किल्ली भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्यात आली. यापुढे एकच किल्ली, असा ठराव सगळ्यांनी मोठ्या अभिमानाने केला. हा अभिमान पुढे चांगलाच महाग पडणार होता.

ताईच्या काउंटरवर आता पाण्याची मोठी बाटली आली. ती घटाघटा प्यायची आणि समोरून पार्लरवालीही बाटली उंचावून तिला दाखवायची. आजूबाजूच्या इमारतींतल्या बाया खरेदीच्या निमित्ताने येऊ लागल्या. किल्ली मागायची लाज वाटते म्हणून आधी एखादं बटण घ्यायच्या. काउंटरखाली चपलांचा ढीग बघून बूटवाला म्हणाला, की ताई, बूट माझ्याकडे आणि गर्दी तुझ्याकडे.

घरी तिने जेवताना हे सगळं रंगवून सांगितलं. नवरा एका कारखान्यात वायरिंगची कामं बघतो, स्वभावाने गरीब माणूस. मुलगा कॉलेजात. दोघंही खूप हसले. नवरा म्हणाला, की बरं झालं बाई, आपल्याकडे असली भानगड नाही. भानगड कशी असणार? त्याची अगदी प्रामाणिक समजूत होती, की नखं जशी आपोआप वाढतात तसा घरचा संडास आपोआप स्वच्छ होतो. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ताई आत जायची, ब्रश घ्यायची आणि रात्रीचं सगळं निस्तरून बाहेर यायची. लग्न झाल्यापासून हेच. कधी शब्द काढला नाही. त्या रात्रीही ती नुसती हसली आणि ताटं उचलली.

मालक आले ते एका भर दुपारी.

इमारतीसमोर गाडी थांबली आणि पार्लरवालीने समोरून हातवारे सुरू केले. ताईच्या हातातली चेन खाली पडली. मालक म्हणजे उंचापुरा, पोट पुढे, चालण्यात घाई. पायात लेस बांधलेले काळे बूट असे चकचकीत, की त्यांत तोंड बघून भांग पाडावा. हातात नवंकोरं, मुठीएवढं कुलूप. त्यांनी ते ताईच्या काउंटरवर आदळलं तसे डब्यांतली बटणं खुळखुळली.

“किल्ली,” ते म्हणाले.

समोर सगळे गाळेवाले जमले होते. बूटवाला हाताची घडी घालून. चष्मेवाला मात्र वेगळ्याच कारणाने पांढरा पडला होता, कारण शेवटचा आत गेला होता तो. ताईने त्याच्याकडे बघून भुवई उडवली, म्हणजे पाणी टाकलंस ना? त्याने मान हलवली. पण ती हो अशी की नाही अशी, ते त्यालाच ठाऊक.

“बूट काढावे लागतील,” ताई म्हणाली.

“मी मालक आहे.”

“म्हणूनच. मालकांनीच नाही काढले, तर बाकीचे उद्यापासून कशाला काढतील?”

मालकांनी ताईकडे बघितलं, रिळाकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा किंचित बदलला. कपाळावर घाम होता आणि एक हात पोटावर. ताईने एवढे दिवस लोकांना किल्ली दिली होती. नुसतं बघायला आलेला माणूस आणि अडलेला माणूस यातला फरक तिला लांबून कळायचा. अडला हरी गाढवाचे पाय धरी, इथे तर नुसती लेस सोडायची होती. मालक स्टुलावर बसले, धापा टाकत बूट काढले, तोकड्या निळ्या चपलांत पाय कोंबले आणि किल्ली घेऊन गेले.

दार लागलं. गाळेवाले कान टवकारून उभे. बराच वेळ काही नाही. मग पाण्याचा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा पाणी. चष्मेवाला कुजबुजला, की नुसती पाहणी करणारा माणूस दोनदा पाणी टाकत नाही. तेवढ्यात आत फोन वाजला. दार उघडलं, मालक फोन कानाला लावूनच बाहेर आले. हो, हो, निघालोच, पाहुणे पोचले का, हो, आलोच, असं म्हणत त्यांनी नियमाप्रमाणे दाराला कुलूप लावलं, किल्लीचं रीळ खिशात कोंबलं आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत गाडीत बसले. गाडी वळली आणि गेली.

पार्लरवाली टाळ्या वाजवायला लागली. मालकांनी कुलूप लावलं नाही, जिंकलो. सगळे एकदम बोलू लागले. ताई तेवढी काउंटरकडे बघत होती. काउंटरवर मालकांचं नवं कुलूप. काउंटरखाली मालकांचे काळे बूट. आणि खुंटीवर काहीच नाही.

“मालकांनी शब्द पाळला की,” बूटवाला शांतपणे म्हणाला. “कुलूप लावून गेले. फक्त नवं नाही, आपलंच लावलं.”

मग धावपळ झाली म्हणजे काय विचारता. फोन लावला तर मालकांचा फोन व्यस्त. पुन्हा लावला तर पुन्हा व्यस्त. कुणी म्हणे कुलूप तोडा. ताई म्हणाली, खबरदार, तोडलेलं कुलूप बघून मालकांना आयतं कारण मिळेल. कुणी म्हणे दुसरी किल्ली. सगळ्यांनी चष्मेवाल्याकडे बघितलं. चष्मेवाल्याने आकाशाकडे बघितलं. पार्लरमधून अर्ध्या चेहऱ्याला लेप लावलेली एक बाई बाहेर आली आणि घाईघाईने किल्ली मागू लागली. आणि याच वेळी बटणताईच्या लक्षात आलं, की काउंटरवरची बाटली रिकामी आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं सगळं पाणी तिने इमानेइतबारे प्यायलं होतं.

“स्कूटर काढ,” ती चष्मेवाल्याला म्हणाली.

मालकांचा बंगला गावाच्या दुसऱ्या टोकाला. ताई मागे बसली, मांडीवर मालकांचे बूट आणि पिशवीत ते कुलूप. चष्मेवाल्याला एरवी स्कूटर सावकाश चालवायची सवय. आज अपराधी भावनेने त्याने असा वेग घेतला, की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा बाजूला झाली. सरळ रस्त्यावर ठीक होतं. पण गतिरोधक आला की स्कूटर उडायची आणि प्रत्येक उडीबरोबर ताई दात आवळून त्याच्या घराण्यातल्या एकेका पिढीचा उद्धार करायची. आजोबांपर्यंत पोचली तेव्हा वाटेत पेट्रोलपंप लागला. तो म्हणाला, ताई, इथे आहे संडास, जाऊन या. ताई उतरली, पळत गेली, दार ढकललं आणि तितक्याच वेगाने परत आली. पंपावरच्या माणसाला तिने जाता जाता ऐकवलं, की आत जाऊन बघा आणि तुमच्या आधी कोण गेलं होतं ते शोधून काढा. तो बिचारा पाइप हातात धरून बघतच राहिला.

बंगल्याची घंटा वाजवली तर दार मालकीणबाईंनी उघडलं. समोर घामाघूम झालेली एक परकी बाई, केस विस्कटलेले, आणि तिच्या हातात आपल्या नवऱ्याचे बूट. मालकीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“हे यांचे बूट तुमच्याकडे कसे?”

“वहिनी, सगळं सांगते,” ताई एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाली. “आधी तुमचा संडास कुठे आहे ते सांगा.”

बाईला बाईची अडचण कळायला वेळ लागत नाही. मालकीणबाईंनी बूट बाजूला घेतले आणि डावीकडचं दार दाखवलं.

ताई बाहेर आली तेव्हा जग पुन्हा जागेवर आलं होतं. तोवर चष्मेवाल्याने दिवाणखान्यात बसून सगळी हकिगत सांगितली होती, अर्थात त्यात स्वतःला बराच मोठा वाटा देऊन. पाहुणे तोंड दाबून हसत होते. मालक कोचावर बसले होते, आणि इतका वेळ झाला तरी पायात त्या निळ्या रबरी चपला. आता त्यांनी खाली बघितलं आणि पाय कोचाखाली ओढून घेतले.

मालकीणबाई सांगत होत्या, की त्या बाजारात त्यांनी जाणंच सोडलं होतं. चांगली दुकानं आहेत, पण दोन तास फिरायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा, तिथे जायचं कुठे? मग त्या ताईकडे वळल्या आणि रीतीप्रमाणे विचारलं, की आमच्याकडे सगळं ठीक होतं ना, स्वच्छ होतं ना?

ताई अडखळली. पाहुणी म्हणून गेलेल्या घरात हे बोलायचं असतं का? पण आपणच केलेला नियम. न बोलावं तर ते आपलं.

“सीट ओली होती,” ती हळूच म्हणाली. “कुणीतरी उचलली नव्हती.”

मालकीणबाईंची मान सावकाश मालकांकडे वळली. घरी आल्या आल्या कोण आत गेलं होतं हे त्या घरात उघड होतं.

“अहो,” मालकीणबाई म्हणाल्या, “जा, पुसून या.”

आणि मालक उठले. वाद नाही, आवाज नाही. एवढा मोठा माणूस, निळ्या चपला फटफटवत गेला, आतून फडक्याचा आणि पाण्याचा आवाज आला, आणि हात पुसत बाहेर आला. घरोघरी मातीच्या चुली असतात हे ताईला माहीत होतं. पण चुलीपाशी नवऱ्याला एका वाक्यात उठवता येतं, हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. ती इतका वेळ बघत राहिली, की चष्मेवाल्याला तिला कोपर मारावं लागलं.

मालकांनी खिशातून रीळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. घसा साफ करून ते म्हणाले, की ते सगळं ठीक आहे, पण मी बूटवाल्याला शब्द दिलाय.

“शब्द तुम्ही मलाही दिला होता,” ताई म्हणाली. “एक डाग दिसला तर कुलूप. तुम्ही आत गेलात, वापरलात, बाहेर आलात. आमच्याकडे घाण दिसली की बोलायचं असतं. तुम्ही काही बोललात?”

मालकांनी टेबलावरचं रीळ उगाच फिरवलं.

“बोला ना. होता डाग?”

चष्मेवाला इतका ताठ बसला होता, की त्याने श्वास घेणंही थांबवलं असावं. मालकांनी बायकोकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं. शेवटी निळ्या चपलांकडे बघून म्हणाले, “नव्हता. आमच्या ऑफिसातल्यापेक्षा बरा आहे. मी बाहेर पडल्यावर ते सांगणारच होतो, तेवढ्यात हिचा फोन आला.”

चष्मेवाल्याने श्वास सोडला तो पाहुण्यांनाही ऐकू आला.

ताईने पिशवीतून ते मुठीएवढं कुलूप काढून रिळाशेजारी ठेवलं. मालकांनी ते हातात घेऊन वजन केल्यासारखं हलवलं आणि परत तिच्या पुढे सरकवलं. म्हणाले, की तुमचं जुनं गंजलंय, मघाशी उघडताना त्रास झाला. हेच बसवा. दोन किल्ल्या आहेत याला. एक रिळाला बांधा, एक माझ्याकडे राहू दे.

“राहू दे,” ताई म्हणाली. “पण दुसऱ्या किल्लीने आलात तरी बूट ठेवावे लागतील.”

मालकीणबाई खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, की उद्या मीच येते, बटणंही घ्यायचीत.

परत येताना स्कूटर सावकाश होती, चष्मेवाला गात होता आणि ताई त्याला गप्प बसायला सांगत नव्हती. तिने रीळ हातात असं उंच धरलं होतं, की दोन चौकांतल्या लोकांनी वळून बघितलं. इमारतीपाशी पोचल्यावर सांगायची गरजच उरली नाही. लेपवाली बाई, जिचा लेप एव्हाना वाळून तडकला होता, ती सगळ्यात पुढे होती. तिने ताईच्या हातातून किल्ली घेतली ती जवळजवळ हिसकावूनच, आणि घाईत चपला काढायला विसरली. सगळा बाजार एकमुखाने ओरडला, “चपला!” ती मागे फिरली. बूटवाल्याने स्वतः पुढे होऊन दुकानातून नव्या रबरी चपलांचा एक जोड आणला, निळा, कारण आधीचा मालकांच्या बंगल्यावरच राहिला होता. काही न बोलता त्याने तो खुंटीखाली ठेवला. खोक्यांसाठी दुसरी जागा बघतो, असं नंतर पुटपुटला.

ताई घरी पोचली तेव्हा नवरा टीव्हीसमोर होता आणि मुलगा त्याच्या खोलीत. तिने पिशवी ठेवली, हातपाय धुतले आणि आत गेली. आणि आत जे रोज असतं ते होतं. पाणी नीट टाकलेलं नव्हतं, फरशीवर चिखलाच्या चपलेचा ठसा, पाण्याचा मग उलटा पडलेला. तिचा हात सवयीने ब्रशकडे गेला.

मग तो मध्येच थांबला.

इतकी वर्षं ती रोज आत आली होती, बघितलं होतं आणि काही न बोलता साफ करून बाहेर गेली होती. ज्याने तोंड उघडलं नाही, त्याचं. नियम तिचाच. बाजारभर तिने तो लोकांच्या घशाखाली उतरवला होता. ब्रशला हात न लावता ती बाहेर आली. मालकांना बूट काढायला सांगणं याहून सोपं होतं.

“अहो,” ती म्हणाली.

नवऱ्याने टीव्हीवरून नजर काढली नाही, नुसतं ‘हं’ केलं.

“तुमच्यानंतर मी आत गेले होते. आणि मी बोलतेय.”

नवऱ्याने मान वळवली. जेवताना हसून हसून ऐकलेला नियम त्याला आठवत असावा, कारण त्याने टीव्ही बंद केला. मुलगा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या पायातल्या चपलांचा ठसा कुठे आहे हे त्याला बरोबर माहीत असणार, कारण तो हळूच परत आत सरकू लागला. बापाने उठून त्याच्या दंडाला धरलं. दोघं संडासाच्या दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले, अनोळखी गावात उतरलेल्या माणसांसारखे.

“अगं,” आतून नवऱ्याचा आवाज आला, “ब्रश कुठे असतो?”

ताईने कोचावर पाय पसरले, तांब्यातून ग्लासभर पाणी ओतून घेतलं आणि उत्तर देण्याआधी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.